हाताखालचा प्रबंध

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीखालोखाल जर कशाचे पीक आले असेल, तर ते विद्वानांचे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या केळशीहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस निघाले की आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै अशी गावे मागे टाकीत माणूस मुरुडास पोचतो. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेले आणि 'वय लहान दिसते' म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले, ही गोष्ट तर शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पण परीक्षा देणे निराळे आणि प्रबंध लिहिणे निराळे. परीक्षेत दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. प्रबंधात प्रश्नही आपलाच आणि उत्तरही आपलेच. शिवाय ते उत्तर ज्याच्या हाताखाली बसून शोधावयाचे, त्या मार्गदर्शकाला ते रुचेलच असे नाही. ह्या परांजपे-कर्वे घरांशी जिचे आयुष्य जोडले गेले, अशा एका स्त्रीवर हा प्रसंग आला होता. तिची हकिगत सांगावी, आणि तिच्या आगेमागे उभ्या असलेल्या आणखी दोघातिघांचीही सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. तेव्हा प्रबंधाविषयी मी लिहावे हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याने समुद्र ओलांडला नाही तोच बंदरावर बसून येणारी-जाणारी गलबते अधिक निरखीत असतो. शिवाय मी शिक्षक आहे, आणि प्रबंधाचा इतिहास हा सरतेशेवटी गुरुशिष्यांचाच इतिहास आहे.

आपल्याकडील जुनी पद्धत अशी, की गुरूने सांगावे, शिष्याने पाठ करावे आणि पाठात अक्षराचाही फरक पडू देऊ नये. ह्या पद्धतीने वेद टिकले, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु गेल्या दोनशे वर्षांत, मुख्यत्वे जर्मनीत, विद्यापीठांनी दुसरी एक पद्धत घातली. शिष्याने गुरूच्या नजरेखाली काम करावयाचे, पण जे आधी कोणी सांगितले नाही असे काहीतरी सांगावयाचे. म्हणजे एका हाताने गुरूचे बोट धरावयाचे आणि दुसऱ्या हाताने ते सोडण्याची तयारी करावयाची! ह्यात गंमत आहे तशी जोखीमही आहे. कारण पदवी देणारा हात त्याच बोटाचा असतो.

कोकणातल्या माणसाला ह्या पद्धतीची ओळख कशी झाली, हे पाहू लागले म्हणजे पहिले नाव येते ते मालवणचे. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे. तेथे १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे मुळात संस्कृतचे एम. ए. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख पॅट्रिक गेडिस ह्यांनी ह्या तरुणाला हेरले आणि शिष्यवृत्तीवर विलायतेला धाडले. लंडनमध्ये त्यांचे मन रमले नाही. ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स ह्यांच्याकडे गेले.

हे रिव्हर्स कोण? आज त्यांना मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतात, पण मुळात ते वैद्य आणि मनाचे अभ्यासक. केंब्रिजच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचा आरंभ त्यांच्या हातून झाला. १८९८ साली हॅडन ह्यांच्या नेतृत्वाखाली टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर जी मोहीम गेली, तीत रिव्हर्सनी बेटावरच्या लोकांची दृष्टी तपासली. 'रानटी' माणसाची नजर गोऱ्या माणसापेक्षा उपजतच घारीसारखी तीक्ष्ण असते, अशी तेव्हा समजूत होती. मोजून पाहिल्यावर तसा काही मोठा फरक निघेना. दूरची होडी त्यांना आधी दिसे ती मुख्यतः सवयीने आणि जाणतेपणाने. आमचा कोणीही कोळी हे रिव्हर्सना फुकट सांगू शकला असता. पण मोजून सांगणे निराळे. पुढे पहिल्या महायुद्धात, खंदकांतल्या भडिमाराने ज्या सैनिकांची वाचा गेली, झोप उडाली, हातपाय लुळे पडले, त्यांच्यावर रिव्हर्सनी स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात उपचार केले. भित्रे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाई, त्यांना त्यांनी रोगी मानले आणि बोलते केले. ज्याला आपण आज चिकित्सा-मानसशास्त्र म्हणतो, त्याच्या आरंभीच्या पानांवर हे नाव आहे.

अशा गुरूच्या हाताखाली मालवणचा हा शिष्य काम करीत असतानाच, ४ जून १९२२ रोजी रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धा आणि मार्गदर्शक गेलेला! ह्याहून मोठे संकट विद्यार्थ्यावर येत नाही. हॅडन ह्यांनी त्यांना आपल्याकडे घेतले, काम पुरे झाले, आणि घुर्ये परत येऊन १९२४ पासून मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. पुढे पस्तीस वर्षे, १९५९ साली निवृत्त होईपर्यंत, त्यांनी इतक्या विद्यार्थ्यांकडून प्रबंध लिहवून घेतले, की हिंदुस्थानातल्या समाजशास्त्राच्या बहुतेक गुरुपरंपरा फिरून त्यांच्याच दाराशी येतात.

ह्या घुऱ्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांतच इरावतीबाई होत्या. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तेथे इंजिनियर. नदीच्या नावावरून मुलीचे नाव इरावती ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत घातले. तेथे रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलेशी मैत्री जमली आणि परांजप्यांचे घर तिचे दुसरे घर झाले. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन ती बी. ए. झाली; महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे ह्यांच्याशी तिचा विवाह झाला. घुर्ये ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली एम. ए. साठी तिने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरची, तिची स्वतःची जात! आपल्याच माणसांकडे त्रयस्थाच्या दृष्टीने पाहण्याचा हा पहिला अभ्यास तिने वयाच्या बाविसाव्या वर्षी केला.

दिनकररावांनी जर्मनीत डॉक्टरेट मिळविली होती. बायकोनेही तेथे जावे असे त्यांच्या मनात आले. विशेष हे, की स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना मात्र तिचे हे जाणे पसंत नव्हते. डॉ. जीवराज मेहता ह्यांनी कर्जाऊ रक्कम दिली, आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीत दाखल झाल्या.

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन ह्यांसाठी एक शाखा उघडली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. हा मनुष्य १९०८ साली जर्मनांच्या नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन आला होता. तेथील रेहोबोथ गावच्या मिश्रवंशीय लोकांवर त्याने १९१३ साली ग्रंथ लिहिला होता, आणि वंशावंशांत उच्चनीच क्रम आहे हे तो गृहीत धरूनच चाले. अशा गुरूच्या हाताखाली हिंदुस्थानातून आलेली ही सावळ्या देशाची मुलगी बसली, आणि तिला विषय मिळाला तो मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेचा.

वाचकहो, माणसाचे कोणतेही दोन अवयव तंतोतंत सारखे नसतात. चप्पल एका पायाला सैल होते, दुसऱ्याला चावते. न्हाव्याला विचारा, तो सांगेल की एक कान वर असतो आणि एक खाली. कवटीचेही तसेच. परंतु फिशरचे अनुमान ह्याहून पुढचे होते. गोऱ्या युरोपियनांच्या कवट्या अधिक विषम असतात, कारण त्यांच्या मेंदूचा उजवीकडील पुढचा भाग अधिक वाढलेला असतो आणि तीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, असे त्याला वाटे. हे मोजून सिद्ध झाले, म्हणजे हाडावरून बुद्धी आणि बुद्धीवरून राज्य करण्याचा अधिकार, अशी सरळ शिडी उभी राहिली असती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या, तशा जर्मनांच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या कशा आणल्या, हे आज सर्वांना ठाऊक आहे. थडगी उकरून, मृतांच्या नातलगांना न विचारता अशी हाडे पेटाऱ्यांतून बर्लिनला जात. १९०४ ते १९०८ ह्या काळात त्याच नैर्ऋत्य आफ्रिकेत हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला; त्यांतल्या काहींच्या कवट्या बर्लिनहून नामिबियाला परत गेल्या त्या २०११ साली. अशा टेबलापाशी बसून, पोलादी मापकाच्या दोन टोकांत एकेक कवटी धरून, ही मुलगी आकडे लिहीत होती. आकडे एकत्र मांडल्यावर जे निघाले ते एका शब्दात सांगता येते: नाही. कवट्या विषम असतात, सर्वांच्याच असतात. पण त्या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही.

हे 'नाही' तिने प्रबंधात लिहिले. ते गुरूच्या अनुमानाविरुद्ध होते, त्या संस्थेच्या एकंदर हवेविरुद्ध होते, आणि हातात परतीच्या तिकिटाखेरीज व कर्जाखेरीज दुसरे काही नसताना लिहिलेले होते. फिशरने प्रबंध नाकारला नाही, कारण आकड्यांत खोट काढता येईना. पण श्रेणी दिली ती सर्वांत खालची. १९३० साली डॉक्टरेट घेऊन बाई स्वदेशी परतल्या.

ह्या ठिकाणी कोणी विचारील, की कवटीच्या मापाचा आणि मनाच्या शास्त्राचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. बुद्धीची चाचणी ज्याने काढली तो फ्रान्सचा आल्फ्रेड बिने, तोही आरंभी मुलांची डोकीच मोजीत असे. हुशार आणि मठ्ठ मुलांच्या डोक्यांत त्याला जो फरक मिळाला तो मिलिमीटरचा. आणि पुढे त्याला असाही संशय आला, की आपल्याला जे हवे आहे त्याच बाजूला आपला हात मापक ढकलतो. स्वतःवर संशय घेण्याचा हा गुण दुर्मिळ होय. त्याने मापक खाली ठेवला, आणि १९०५ साली प्रश्नांची मालिका तयार केली. तिचा हेतू एवढाच, की ज्या मुलाला शाळेत अधिक मदत हवी ते ओळखू यावे. पुढे इतरांनी त्याच मालिकेवरून माणसांच्या पायऱ्या लावल्या, तो दोष बिनेचा नव्हे. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत ह्यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ती चाचणी नव्याने बसविली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. विलायती मुलाला विचारावयाचे प्रश्न आपल्या मुलाला जसेच्या तसे विचारून चालत नाहीत, हे त्या कामातले शहाणपण.

हे शहाणपण आजही दर प्रबंधात नव्याने कमवावे लागते. माझ्या हाताखालून गेलेली गावातली एक मुलगी पुढे शहरात चिकित्सा-मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दाखल झाली. दहावीच्या मुलांना परीक्षेची जी धास्ती वाटते, ती श्वासाच्या ठरावीक व्यायामाने कमी होते काय, हा तिचा विषय. आधी नीतिसमितीची परवानगी, मग आईबापांची लेखी संमती, मग मुलांचे चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट, एकाला व्यायाम आणि एकाला नाही. प्रश्नावली इंग्रजी, तिचे मराठी करावयाचे, ते मराठी दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावयाचे आणि मूळ अर्थ टिकला की नाही ते ताडून पाहावयाचे. 'चिंता' हा शब्द आमच्या पोरांना कळतो, पण ती तो वापरीत नाहीत. त्यांच्या 'पोटात गोळा येतो', त्यांची 'छाती धडधडते'. ह्या शब्दांसाठी ती सुटीत येऊन माझ्या वर्गात तीन दिवस मागच्या बाकावर बसली होती.

इतके करून निष्कर्ष काय? व्यायाम करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. मार्गदर्शकांना तो व्यायाम प्रिय होता. "आकडे पुन्हा एकदा पाहा," "ही चार मुले वगळली तर?" अशा सूचना येऊ लागल्या. तिने मला फोन करून विचारले, "सर, काय करू?" मी तिला इरावतीबाईंची गोष्ट सांगितली, ह्याहून अधिक सांगण्याची माझी पात्रता नव्हती. तिने मुले वगळली नाहीत. ती चार मुले वगळली असती तर आकडे कसे दिसले असते, ते मात्र तिने प्रबंधातच उघड मांडून दाखविले. प्रबंध मंजूर झाला, गुण बेताचे पडले. उद्या एखादा शिक्षक त्याच व्यायामात मुलांचे रोजचे अर्धा तास घालविण्याआधी तिचा प्रबंध वाचील, तर तेवढा अर्धा तास मुलांच्या पदरात राहील. 'नाही'चा उपयोग असा असतो.

गुरूशी मतभेद म्हणजे गुरुद्रोह, ही आपली जुनी भीती. ती किती अनाठायी आहे ह्याचे दुसरे उदाहरण कलकत्त्याचे आहे. गिरींद्रशेखर बोस हे पेशाने डॉक्टर; मानसरोग्यांवर उपचार करता करता वयाच्या तिशीत ते कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या मानसशास्त्र-विभागात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. मनातल्या इच्छा दडपल्या जातात म्हणजे काय होते, ह्यावरील त्यांच्या प्रबंधाला १९२१ साली विद्यापीठाने डी. एस्‌सी. दिली. तो ग्रंथ त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइडकडे पाठविला. इतक्या दूरच्या देशात आपल्या विद्येला असा वाचक मिळाला ह्याचे फ्रॉइडला आश्चर्य वाटले व आनंदही झाला. दोघांची कधी भेट झाली नाही. पत्रे मात्र वर्षानुवर्षे चालली. आणि ह्या पत्रांतून बोस नम्रपणे पण स्पष्टपणे कळवीत राहिले, की आपले हिंदी रोगी तुमच्या सिद्धांताप्रमाणे सर्वस्वी वागत नाहीत. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कलकत्त्याच्या मंडळींनी त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. मतभेद आपल्या जागी राहिला, आदर आपल्या जागी.

फिशरचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होत नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्याच्या संस्थेने वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा मुलामा दिला, आणि युद्धकाळात आउशवित्झच्या छळछावणीतून मृतांचे अवयव त्याच संस्थेकडे येऊ लागले. इतिहासाचा एक विचित्र योग असा, की जो सिद्धांत लक्षावधींच्या जिवावर उठला, त्याच्या पायातला एक दगड खोटा असल्याचे त्याच घरात बसून, ते सारे घडण्याच्या आधी, पुण्याच्या एका मुलीने मोजून लिहून ठेवले होते. एका प्रबंधाने संहार थांबत नाही. पण 'तेव्हा कोणालाच कळत नव्हते' ही सबब मात्र त्या प्रबंधामुळे टिकत नाही.

बाईंनी परत आल्यावर मापक टाकून दिला नाही, हेही नमूद केले पाहिजे. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून शिकविताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून माणसे मोजली, वि. म. दांडेकर ह्यांच्यासह त्या मोजमापांचा ग्रंथ १९५१ साली निघाला. परंतु आता प्रश्न निराळा होता. कोण श्रेष्ठ हे त्यांना विचारावयाचे नव्हते. एका नावाखाली नांदणाऱ्या जाती मुळात एक होत्या काय, हे विचारावयाचे होते. त्यांचे उत्तर पुन्हा 'नाही' असेच आले. निरनिराळे गट जवळ येऊन हा समाज बनला, एक मोठा गट फुटून नव्हे, असे त्यांनी मांडले, आणि ते त्यांच्या पहिल्या गुरूंच्या, घुऱ्यांच्या मताविरुद्ध होते. म्हणजे दोन गुरू आणि दोघांनाही नकार! तरी बर्लिनची शिस्त आणि मुंबईची शिकवण ही दोन्ही त्यांच्या कामात शेवटपर्यंत दिसतात. 'युगान्त' वाचणाऱ्या किती वाचकांना ठाऊक असते, की भीष्म-द्रोणांची इतकी निर्भीड झाडाझडती घेणाऱ्या लेखणीचा सराव कवट्यांच्या टेबलावर झाला होता? ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या.

रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे ते १८८६ सालचे, आणि कोकणात कोणाचे डोके फिरले की 'धाडा ह्याला रत्नागिरीला' असे आपण सहज बोलून जातो. मनाच्या दुखण्याला वेड आणि वेडाला थट्टा, एवढाच आपला शास्त्रार्थ पुष्कळ दिवस चालला. बंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, दुसऱ्याच वर्षी तेथे मानसशास्त्राच्या पदवीधरांना रोग्यांमध्ये बसवून शिकविण्यास आरंभ झाला, आणि रोग्याचे ऐकून घेणारी शिकलेली माणसे देशात तयार होऊ लागली. ऐकून घेणे आणि प्रबंध लिहिणे ह्यांत फरक तो किती? दोन्हींत समोरच्याने काय सांगावे हे आधी ठरवून बसावयाचे नसते.

माझ्या वर्गात कोळ्यांची मुले आहेत, कुणब्यांची आहेत, मुसलमानांची आहेत, बौद्धांची आहेत, बागायतदार ब्राह्मणांचीही दोनचार उरली आहेत. 'ह्याच्या घराण्यातच डोके नाही' आणि 'ह्याच्या रक्तातच गणित आहे' ही दोन्ही वाक्ये पालकसभेत अजून ऐकू येतात, आणि बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांच्यापुढे मी फार वाद घालीत नाही. एकशे एकोणपन्नास कवट्या एका मुलीने मोजल्या होत्या, एवढे सांगतो. आणि फळ्यावर नवे गणित घालून, शेवटच्या बाकापासून उत्तरे विचारण्यास सुरुवात करतो.